कामाचा हिशेब आणि माणसाचा सन्मान

(मस्कत येथे भीमजयंतीनिमित्त भरलेल्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)





महाकारुणिक तथागत बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही विषयास प्रारंभ करतो. संयोजकांनी आम्हांस दिलेला विषय आहे, 'नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांमध्ये उत्तरदायित्व कसे निर्माण करावे?' हा विषय कंपन्यांच्या व्यवस्थापकांचा आहे, जयंतीच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला तर हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा असल्याचे ध्यानात येईल. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक जण येथे नोकरीनिमित्त आलेले आहेत. कोणी रुग्णालयात आहे, कोणी तेलक्षेत्रात, कोणी बांधकाम कंपनीत, तर कोणी शाळेत. आपल्या कामाचे मोजमाप वरिष्ठ करीत असतो. आणि आपल्यापैकी अनेकांच्या हाताखालीही आता माणसे काम करू लागली आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना केवळ हुकूम ऐकणे ठाऊक होते, त्यांची नातवंडे आज हुकूम देण्याच्या खुर्चीवर बसली आहेत. त्या खुर्चीवर बसून आपण कसे वागतो, याचा हिशेब बाबासाहेबांच्या अनुयायांनी स्वतःला दिला पाहिजे.

उत्तरदायित्व हा शब्द उच्चारताच हाताखालच्या माणसाचा कान पकडणे, असाच अर्थ बहुधा घेतला जातो. आमचे प्रतिपादन वेगळे आहे. ज्याला काम काय आहे हे आधी सांगितलेले नाही, ज्याला त्याच्या कामाबद्दलचे मत कळविलेले नाही, त्याच्याकडे जाब मागण्याचा नैतिक अधिकार कोणालाही नाही. आधी स्पष्ट बोलणे, नंतर हिशेब मागणे, हा क्रम आहे. हा क्रम उलटा झाला की उत्तरदायित्वाच्या नावाखाली गुलामगिरी सुरू होते. आपल्या समाजाला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आपल्या पूर्वजांनी ते देहाने भोगलेले आहे.

महार वतनाचेच उदाहरण घ्या. वतनदार महार हा गावकामगार होता, म्हणजे एका अर्थाने सरकारी नोकर होता. परंतु त्याच्या नोकरीला ना कामाची यादी होती, ना कामाचे तास. दिवसा वा रात्री, केव्हाही हाक आली की त्याने हजर व्हायचे. तो घरी नसेल तर त्याच्या कुटुंबातील माणसाने त्याचे काम करायचे. मोबदला मात्र इनाम जमिनीचा तुटपुंजा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते! काम कोणते हे ठरलेले नाही, म्हणून काम संपले असेही कधी म्हणता येत नाही. काम चांगले झाले की वाईट, हे ठरविणारा गाव. आणि त्या निर्णयावर दाद मागायची सोय नाही. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेदना होती. त्यांना महारांसाठी कामातून सुटका नको होती. काम निश्चित असावे, मोबदला निश्चित असावा आणि ज्याला हे बंधन नको असेल त्याला ते सोडता यावे, अशी त्यांची भूमिका होती. ते विधेयक मंजूर होऊ शकले नाही. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

गाव सोडून आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. तेथे पाटलाची जागा जॉबरने घेतली. कामगाराला कामावर घेणारा जॉबर, काढणारा जॉबर, आणि मधल्या काळात दस्तुरी खाणाराही जॉबरच. सारा कारभार तोंडी. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली होती. आपल्या लोकांच्या बाबतीत तर त्याहून मोठा अन्याय होता. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओला करावा लागे आणि त्यामुळे इतरांना विटाळ होईल, असे कारण पुढे केले जाई. आम्ही वैद्यकीय व्यवसायातील असल्याने एक गोष्ट नमूद करतो: अनेकांनी एकच धागा वा धोटा तोंडाला लावणे ही सर्वांच्याच आरोग्याला घातक प्रथा होती, ती बंद करावी हा शहाणपणाचा मार्ग होता. परंतु प्रथा तशीच ठेवून माणसे बाहेर ठेवली गेली. १९२८ च्या प्रचंड संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न निर्भयपणे मांडला. कामगिरी न पाहताच ज्याला नालायक ठरविले जाते, त्याच्या कामाचे मूल्यमापन झाले असे कोण म्हणेल?

हा सर्व अनुभव पाठीशी घेऊन बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९४६ साली, दोन महत्त्वाचे कायदे झाले. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती आपण सर्व जाणतो. दुसऱ्या कायद्याची आठवण मात्र जयंतीच्या भाषणांतून क्वचितच होते. तो म्हणजे औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६. आजच्या विषयाचा गाभा आम्हांस या कायद्यात दिसतो.

या कायद्याने काय केले? शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याच्या मालकाने नोकरीच्या अटी लेखी स्वरूपात मांडल्याच पाहिजेत, असे बंधन घातले. कामगारांचे वर्ग कोणते, पाळ्या व तास कोणते, पगाराचा दिवस कोणता, उशिरा आल्यास काय, रजा कशी मागावी, नोकरी संपविताना पूर्वसूचना किती, गैरवर्तन कशाला म्हणावे आणि अन्याय झाल्यास दाद कोठे मागावी, हे सर्व त्यात आले पाहिजे. मसुदा मालकाने एकट्याने ठरवून भागणार नव्हते. प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याने कामगारांचे आक्षेप ऐकून घ्यावयाचे होते. आणि शेवटी ते नियम इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, कामगार ज्या दरवाजाने आत येतात त्या दरवाजापाशी व निरनिराळ्या खात्यांत फलकावर लावायचे. बंधूंनो, या अखेरच्या तरतुदीकडे पाहा. नियम कचेरीच्या कपाटात राहून चालणार नाही, तो दरवाजापाशी हवा. साहेबाच्या भाषेत असून पुरणार नाही, कामगाराच्या भाषेत हवा. ज्या समाजाला धर्माचे नियम ऐकण्याचीही बंदी होती आणि न ऐकलेल्या नियमांच्या भंगाबद्दल शिक्षा मात्र होती, त्या समाजाचा सुपुत्र मजूरमंत्री असताना हा कायदा झाला, ही सामान्य घटना नव्हे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत या कायद्याचा विषय समाविष्ट करण्यात आला. त्यामागील तत्त्व मात्र जुने होणारे नाही. नियम आधी सांगा, आणि समजेल असा सांगा.

आता दुसरी बाजू पाहू. नियम सांगितला, काम झाले. त्या कामाबद्दलचे मत कोण कळविणार? आपल्या समाजातील शिकलेली पहिली पिढी सरकारी नोकरीत गेली, तेव्हा तिच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती. तिचे नाव गोपनीय अहवाल. वरिष्ठाने वर्षाअखेरीस बंद लिफाफ्यात शेरा लिहायचा. फार वाईट शेरा असेल तर तो कळविला जाई. परंतु 'बरा', 'चांगला' असे शेरे कळविले जात नसत. पदोन्नतीसाठी 'अतिशय चांगला' अशी अट असली की 'चांगला' हा शेराच गळफास ठरे आणि माणसाला पत्ताही लागत नसे. किती घरांत वडील निवृत्त होईपर्यंत एकाच खुर्चीवर का राहिले, याचे उत्तर अखेरपर्यंत मिळाले नाही!

सीमा सडक संघटनेतील देव दत्त नामक कार्यकारी अभियंत्याचे प्रकरण याच प्रकारचे होते. १९९३-९४ या वर्षाचा 'चांगला' हा न कळविलेला शेरा त्यांच्या पदोन्नतीच्या आड आला. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शेरा वाईट असो, साधारण असो वा उत्तम असो, प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे, म्हणजे त्याला आपले म्हणणे मांडता येईल. त्यानंतर २००९ मध्ये केंद्र सरकारने गोपनीय अहवालाच्या जागी वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल आणला. पूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास दाखविणे आणि त्यावर निवेदन देण्यास पंधरा दिवसांची मुदत देणे आवश्यक ठरले. 'गोपनीय' हा शब्द गेला, यात मोठा अर्थ आहे. जे मत समोर मांडता येत नाही, त्यात न्यायापेक्षा पूर्वग्रह असण्याचा संभव अधिक असतो. म्हणून दुसरे तत्त्व: निर्णय समोर सांगा, आणि उत्तर ऐकून घ्या.

परंतु समोर सांगणे म्हणजे चारचौघांत अपमान करणे नव्हे. कसे सांगावे, हे आपल्याला तथागतांच्या संघापासून शिकता येते. वर्षावास संपला की भिक्खुसंघात पवारणा होत असे. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकत्र बसत आणि प्रत्येक जण हात जोडून संघाला विनंती करीत असे की, माझ्याकडून काही दोष घडलेला आपण पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल, तर करुणेने मला सांगावे. विशेष हे की, प्रारंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होई. ज्येष्ठाने आधी स्वतःला तपासणीसाठी पुढे करायचे, मग कनिष्ठाने. दोष दाखविणाऱ्यालाही पाच कसोट्या लावलेल्या होत्या. त्याने योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, सौम्यपणे बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. आज मोठमोठ्या कंपन्या वार्षिक मूल्यमापनाच्या मुलाखतीसाठी तज्ज्ञांना पाचारण करतात. या पाच कसोट्या त्यांनी भिंतीवर लावल्या तरी निम्मे काम होईल! सिगालोवाद सुत्तातही मालक आणि सेवक यांची कर्तव्ये दोन्ही बाजूंनी सांगितली आहेत. सेवकाने काम नीट करावे, दिले तेवढेच घ्यावे. परंतु मालकाने प्रथम त्याच्या शक्तीप्रमाणे काम वाटून द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी आणि योग्य वेळी सुटी द्यावी. उत्तरदायित्व एकमार्गी नाही, हे बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

आमच्या वैद्यकीय क्षेत्रातील एक दाखला देतो, कारण तेथे अस्पष्ट बोलण्याची किंमत रुग्णाच्या प्राणांनी मोजावी लागते. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी प्रसृत केली. त्यात १९ बाबी आहेत. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णास शस्त्रक्रियागृहातून हलविण्यापूर्वी, असे तीन वेळा थांबून सर्वांनी मोठ्याने खात्री करून घ्यायची: रुग्ण तोच ना, अवयव तोच ना, ॲलर्जी आहे काय, कापसाचे बोळे मोजले काय? शिवाय खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे. नवी दिल्ली, अम्मान, मनिला, लंडन अशा आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. ज्या परिचारिकेला सर्जनसमोर बोलण्याची भीती वाटत होती, तिचे बोलणे हा कामाचाच भाग ठरविला गेला, हा त्यातील एक मोठा बदल होय. ज्या वॉर्डात ओरडा मोठा असतो, तेथे चुका कमी होत नाहीत. त्या लपविल्या जातात. चूक सांगणाऱ्याला अभय आणि जाणूनबुजून हयगय करणाऱ्याला जाब, हा भेद ज्या वरिष्ठाला कळत नाही, त्याच्या खात्यात शिस्त दिसेल, पण उत्तरदायित्व असणार नाही.

आता आपण राहतो त्या ओमानकडे वळू. येथील एका कामाच्या जागेवर अरबी, हिंदी, उर्दू, मल्याळम, बंगाली आणि इंग्रजी अशा भाषा एकाच वेळी कानी पडतात. करार अरबीत असतो, सूचना इंग्रजीत निघते आणि ती पाळणारा कामगार तिसऱ्याच भाषेत विचार करतो. अशा ठिकाणी कामगाराने मान डोलावली, म्हणजे त्याला समजले, असे मानणे धोक्याचे आहे. त्याने सूचना आपल्या शब्दांत परत सांगितली, म्हणजे ती पोचली. जुलै २०२३ मध्ये या देशात नवा कामगार कायदा आला. त्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४० तास अशी कामाची मर्यादा घातली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक तरतूद प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. कर्मचारी अपेक्षित उत्पादकता गाठत नाही या कारणावरून त्याला काढावयाचे असल्यास, त्याच्यातील उणिवा त्याला कळवून सुधारणेसाठी किमान सहा महिन्यांची मुदत दिली पाहिजे. म्हणजे 'तुझे काम आवडत नाही, उद्यापासून येऊ नकोस' असे म्हणणे आता पुरेसे नाही. ज्याचा व्हिसा, घराचे भाडे आणि मुलांची शाळा एकाच नोकरीवर अवलंबून आहे, त्याला या सहा महिन्यांचे मोल सांगावे लागत नाही. परंतु कायदा कागदावर राहतो. त्याचा आधार घेण्यासाठी आपल्याजवळही कागद असावा लागतो. काम समजून घेताना ते लेखी मागा, पूर्ण झाल्याची नोंद ठेवा, मूल्यमापनाची प्रत जपून ठेवा.

येथे एक नाजूक मुद्दा आम्ही मोकळेपणाने मांडतो. वरिष्ठाने दोष दाखविला की आपल्या मनात प्रथम जातीची शंका येते. ही शंका निराधार नाही. तिच्यामागे शतकांचा अनुभव आहे, आणि परदेशातही आडनाव विचारणारे देशबांधव भेटतात. परंतु प्रत्येक शेरा द्वेषातून आला असे मानले तर सुधारणेची वाट बंद होते. आणि एकही शेरा द्वेषातून येत नाही असे मानले तर अन्याय पचविण्याची सवय लागते. मग ओळखावे कसे? आम्ही चार प्रश्न सुचवितो. हा नियम मला आधी सांगितला होता काय? हेच माप माझ्या सहकाऱ्यांनाही लावले काय? माझ्याबद्दलचे मत मला दाखविले काय? मला उत्तर देण्याची व सुधारण्याची संधी दिली काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील, तर शेरा कडू असला तरी औषध समजून घ्यावा. उत्तरे नकारार्थी असतील, तर संयमाने, लेखी आणि कायद्याच्या मार्गाने लढावे. बाबासाहेबांनी दाखविलेला मार्ग तोच आहे.

आणि हेच चार प्रश्न आपल्या हाताखालच्या माणसाने आपल्याबद्दल विचारले तर? खरी कसोटी तेथे आहे. फोरमन म्हणून, विभागप्रमुख म्हणून, मुख्य परिचारिका म्हणून आपण कोणाला काम देतो, तेव्हा ते कोणी, काय, केव्हापर्यंत आणि कशा दर्जाचे करायचे, हे चार शब्दांत सांगतो काय? वर्षभर गप्प राहून डिसेंबरात सर्व दोष एकदम काढतो, की दरमहा दहा मिनिटे समोर बसवून बोलतो? स्तुती चारचौघांत आणि दोष एकांतात, हे पथ्य पाळतो काय? आपल्याच गावचा, आपल्याच भाषेचा म्हणून एखाद्याला माफी आणि परक्याला शिक्षा, असे तर होत नाही ना? आपल्या माणसाला झुकते माप देणे हाही जातिभेदाचाच धाकटा भाऊ आहे.

भगिनींनो, घरातील कामाचाही येथे विचार व्हावा. अनेक घरांत स्वयंपाकाला, मुलांना सांभाळायला मोलकरीण असते, कोणाकडे ड्रायव्हर असतो. घराच्या दारावर स्थायी आदेशांचा फलक नसतो. म्हणूनच तेथे आपली परीक्षा अधिक कठीण आहे. तिच्या कामाचे तास ठरलेले आहेत काय? आठवड्याची सुटी आहे काय? पगाराची तारीख पाळली जाते काय? मध्यरात्री पाहुणे आले म्हणून तिला झोपेतून उठविताना वतनदार महाराला आलेली रात्रीची हाक आपल्याला आठवते काय? ज्यांनी बलुते भोगले, त्यांच्या लेकींच्या घरात कोणी बलुतेदार होऊ नये.

हाच न्याय आपल्या मंडळालाही लागू आहे. वर्गणीचा जमाखर्च सभेत वाचून दाखविणे, कोणी कोणते काम अंगावर घेतले ते लिहून ठेवणे, आणि काम न झाल्यास कुजबुज न करता त्या कार्यकर्त्यास समोर व मैत्रीने विचारणे, या साध्या गोष्टी पाळल्या तर कितीतरी संघटना फुटण्यापासून वाचतील. दरवर्षी वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. यंदा त्याच्या समाप्तीस, आश्विन पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी, कार्यकारिणीनेही पवारणा करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. प्रारंभ अर्थातच अध्यक्षांपासून व्हावा!

आपली मुले उद्या अनेक देशांत मोठ्या पदांवर बसतील. पदाबरोबर अधिकार येतो आणि अधिकाराबरोबर दुसऱ्याच्या भाकरीवर आपला हात पडतो. तो हात कसा असावा, हे त्यांना व्याख्यानापेक्षा आपल्या वागण्यातून अधिक कळेल. काम चोख करणारा आणि चोख करवून घेणारा, पण कोणाचाही मान न दुखविणारा माणूस, हीच बाबासाहेबांच्या अनुयायाची ओळख या वाळवंटी भूमीत व्हावी, एवढी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!